वरचं पान: काढायचं की ठेवायचं?

गेल्या वर्षीच्या गणपतीत, शनिवारी सकाळी, हॉलच्या मागच्या स्वयंपाकघरात आम्ही दहा-बाराजणी कामाला लागलो होतो. मसालेभात, बटाट्याची भाजी, वाटली डाळ हे नेहमीचं. शिवाय इथे वाढलेल्या मुलांसाठी सॅलड. ओट्यावर रोमेन लेट्यूसचे चोवीस गड्डे ठेवलेले होते. एक तरुण मुलगी (ती व्यवसायाने नर्स आहे) प्रत्येक गड्ड्याची वरची चार-पाच पानं ओरबाडून कचऱ्याच्या पिशवीत टाकत होती. एक पिशवी भरली, दुसरी अर्धी झाली. तेवढ्यात माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठ्या असलेल्या एक आजी आल्या आणि पिशवीत हात घालून पानं परत बाहेर काढू लागल्या.

"आजी, ती टाकायची आहेत."

"का गं? कुठे किडलेली दिसत नाहीत."

"वरच्या पानांवर बॅक्टेरिया असतात."

"आणि आतली काय देवाने स्वतः धुऊन ठेवली आहेत?"

दोघीही माझ्याकडे वळल्या. "काकू, तुम्हीच सांगा, तुमचा तर विषयच आहे," असं ती मुलगी म्हणाली. आता खरंच तो माझा विषय. अन्नातल्या सूक्ष्मजीवांवर मी तीसहून अधिक वर्षं शिकवलं. पण त्या क्षणी कढईत डाळ लागायला आली होती. "एखाददुसरं पान काढा, बाकीची धुवा," असं तोडून टाकल्यासारखं बोलून मी शेगडीकडे धावले. त्या उत्तराने त्या दोघींचं समाधान झालं नाही आणि खरं सांगायचं तर माझंही झालं नाही. वर्गात एखाद्या विद्यार्थ्याने असं उत्तर दिलं असतं, तर मी त्याला "का?" असं विचारलं असतं. त्या "का?"चं उत्तर आज सविस्तर देते.

गड्डा म्हणजे काय

लेट्यूस हे मूळचं आपल्या स्वयंपाकातलं नाही. उत्तर हिंदुस्थानात आणि युनानी वैद्यकात त्याच्या बियांना काहू म्हणतात, पण आपल्या आजीच्या टोपलीत माठ, चुका, चाकवत, मेथी, अंबाडी असायची. लेट्यूसचं कूळ सूर्यफुलाचं. देठ कापला की पांढरा चीक येतो. त्याच्या शास्त्रीय नावातला 'लॅक्टुका' हा शब्द लॅटिनमधल्या दुधावरूनच आला आहे.

आपल्या प्रश्नासाठी एकच गोष्ट लक्षात ठेवायची: पानं मधल्या कोंबातून एकामागून एक येतात, म्हणून सगळ्यात बाहेरचं पान हे सगळ्यात म्हातारं. ते जमिनीला सगळ्यात जवळ असतं. पावसाचे आणि तुषार सिंचनाचे थेंब मातीवर आपटून उडतात ते त्याच्यावर. फवारणीही आधी त्याच्यावर. तोडणाऱ्याचा हात, सुरी, खोका, दुकानातला फवारा, भाजी चाचपून बघणारी आपली बोटं, हे सगळंही तेच सोसतं. आइसबर्गचा किंवा कोबीचा गड्डा आतून घट्ट मिटत जातो, त्यामुळे त्याच्या पोटातली पानं उघड्या हवेत फारशी आलेलीच नसतात. रोमेन मात्र वरून उघडं असतं. त्याच्या पानांच्या मधे पाणी आणि माती सरळ खाली उतरते. हिरव्या-लाल पानांचं सुटं लेट्यूस तर पूर्णच उघडं. तेव्हा "वरचं पान काढा" हा सल्ला मुळात घट्ट गड्ड्यासाठी आहे. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन, म्हणजे एफडीए, सांगतं तेही असंच: लेट्यूसच्या किंवा कोबीच्या गड्ड्याची सगळ्यात बाहेरची पानं काढून टाका.

म्हणजे ती नर्स चुकीचं बोलत नव्हती. पण चार-पाच पानं आणि सगळ्यात बाहेरची पानं यांत फरक आहे. आणि पान काढलं म्हणजे धोका संपला, ही समजूत तर निराळीच आहे. ती समजूत माझीही होती. ती कशी गेली ते पुढे सांगते.

शेतातून आपल्या फ्रिजपर्यंत

आपण इथे मिडवेस्टमध्ये जे लेट्यूस खातो, ते बहुतेक सगळं दोन राज्यांतून येतं. उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातलं सलिनास खोरं आणि थंडीत अॅरिझोनातलं युमा. नोव्हेंबरच्या सुमाराला तोडणीची यंत्रं, खोकी आणि माणसं सलिनासहून युमाला हलतात आणि वसंतात परत येतात. आपल्याकडे ऊसतोडीच्या टोळ्या हलतात, त्याची आठवण यावी असं हे चक्र आहे. या मजुरांचा इतिहासही मोठा आहे. 1970 साली सीझर चावेझ यांच्या नेतृत्वाखाली सलिनासमध्ये लेट्यूस तोडणाऱ्यांचा जो संप झाला, तो या देशातल्या शेतमजुरांच्या मोठ्या संपांपैकी एक गणला जातो.

जॉन स्टाइनबेक हा सलिनासचाच. त्याच्या 'ईस्ट ऑफ ईडन' या कादंबरीतला अॅडम ट्रास्क बर्फात घातलेलं लेट्यूस आगगाडीने पूर्वेकडे पाठवतो. वाटेत गाडी रखडते, बर्फ वितळतो, माल सडतो आणि त्याचे पैसे बुडतात. आज बर्फाच्या जागी निर्वात शीतकरण आलं आहे. हवा काढून घेतली की पानातलं थोडं पाणी उडून जातं आणि गड्डा थोड्याच वेळात थंड होतो. पण तत्त्व तेच: पान तोडल्यापासून थंड ठेवायचं. साखळी तुटली की सडणं सुरू.

आता गंमत बघा. तोडणी करतानाच मजूर बाहेरची मोठी, मातकट पानं सुरीने उडवून शेतातच टाकतात. ती पुढे जमिनीत नांगरली जातात. म्हणजे तुमच्या हातात गड्डा येतो तेव्हा 'वरची पानं' एकदा निघालेलीच असतात. 'रोमेन हार्ट्स' म्हणून तीन-तीनच्या पिशवीत जे मिळतं, ते म्हणजे बाहेरची बरीच पानं काढून उरलेला गाभा. आपण त्याचेही वरचे थर उतरवले, तर ती तिसरी सोलणी होते.

2018 चा एप्रिल

इथे घरातली गोष्ट सांगायला हवी, कारण माझं मत तिथे बदललं.

आमच्या ह्यांना 2015 साली नवी किडनी बसवली. शरीराने ती नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधं कायमची सुरू झाली. त्यानंतर आमच्या स्वयंपाकघराचे नियम बदलले. कच्च्या मोडांची कोशिंबीर बंद, मटकी शिजवूनच. मऊ चीज बंद. दही घरचं आणि ताजं. सॅलड मात्र ह्यांना फार आवडायचं. ते तेवढं सुटलं नाही. मी स्वतः निवडून, धुऊन द्यायचे. विषय माझा, म्हणून विश्वासही माझ्यावर.

13 एप्रिल 2018 ला सीडीसीने जाहीर केलं की युमाकडच्या चिरलेल्या रोमेन लेट्यूसमधून ई. कोलाय ओ157:एच7 पसरतो आहे. मी ठरवलं, चिरलेलं आणायचंच नाही. अख्खे हार्ट्स आणायचे, वरची पानं काढायची, वाहत्या पाण्याखाली धुवायचं. गुरुवारी, 19 तारखेला रात्री ह्यांनी ते खाल्लं. शुक्रवारी, 20 तारखेला नवीन सूचना आली: अख्खे गड्डे आणि हार्ट्ससुद्धा टाकून द्या. कारण अलास्कातल्या नोम या गावच्या तुरुंगात आठजण आजारी पडले होते आणि त्यांनी खाल्लेलं लेट्यूस अख्ख्या गड्ड्यांचं होतं.

मी कचऱ्यातून रिकामी पिशवी काढून उलटीपालटी केली. लेट्यूस कुठे पिकलं हे त्यावर कुठेच छापलेलं नव्हतं. त्या काळी ते छापायची पद्धतच नव्हती.

या जिवाणूचं विष नेमकं किडनीवर जातं. सगळ्यांच्याच नाही, पण लहान मुलांच्या आणि वृद्धांच्या बाबतीत ही भीती जास्त असते. माझ्या घरात तर दुसऱ्याने दिलेली एक किडनी होती. खाल्ल्यापासून त्रास सुरू व्हायला बहुधा तीन-चार दिवस लागतात, कधी एक, कधी दहा. दहा दिवस मी कॅलेंडरवर खुणा केल्या. ह्यांना सांगितलं नाही. रोज सकाळी सहज विचारल्यासारखं "पोट बरं आहे ना?" असं विचारायचे. पाचव्या दिवशी ते म्हणाले, "अगं, तुला माझ्या पोटात एवढा रस कधीपासून?" त्यांना काही झालं नाही. झालं नाही ते माझ्या हुशारीमुळे नव्हे. त्या पिशवीत जिवाणू नव्हता, एवढंच.

त्या साथीत 36 राज्यांत 210 माणसं आजारी पडली. 96 जणांना रुग्णालयात जावं लागलं, 27 जणांच्या किडन्यांवर परिणाम झाला आणि पाचजण गेले. नंतर एफडीएच्या तपासात तोच जिवाणू युमाजवळच्या एका कालव्याच्या पाण्यात सापडला. कालव्याला लागून एक लाखाहून जास्त गुरं मावतील एवढा मोठा फीडलॉट होता. जिवाणू पाण्यात नेमका कुठून आणि कसा आला, हे मात्र शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही. एवढं खरं की हा जिवाणू गुरांच्या आतड्यात राहतो आणि गुरांना सहसा त्याचा काही त्रास होत नाही.

माझ्या माहेरी सोलापूर जिल्ह्यात कोबीची वरची पानं गाईला जायची. पान गाईकडे जायचं आणि गाईचं शेण सहा महिने उकिरड्यात कुजून मग शेतात जायचं. इथे गाईंचं शहर एकीकडे, पानांचं शहर दुसरीकडे, आणि मधे एक उघडा कालवा. धोका पानाच्या वरच्या थरात नव्हता. तो पाण्यात होता, आणि पाणी सगळीकडे जातं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, थँक्सगिव्हिंगच्या दोन दिवस आधी, पुन्हा सगळं रोमेन टाकून द्यायची सूचना आली. या वेळी उगम कॅलिफोर्नियात होता. त्यानंतर उत्पादकांनी पिशवीवर पिकल्याचा प्रदेश छापायला सुरुवात केली. आणि मे 2024 मध्ये एफडीएने शेतीच्या पाण्याचे नवे नियम पक्के केले. शेतकऱ्याने दर वर्षी आपल्या पाण्याचा उगम, आसपासची जनावरं आणि सिंचनाची पद्धत तपासायची असं त्यात आहे. माझ्या मते, वरचं पान काढण्यापेक्षा या नियमाने जास्त माणसं वाचतील.

आतलं पान किती निर्दोष?

आजींचा प्रश्न आठवा: आतली काय देवाने धुऊन ठेवली आहेत? तो त्यांनी चेष्टेत विचारला, पण शास्त्रात त्याचं उत्तर आहे.

कृषिखात्याच्या संशोधक मारिया ब्रांडल आणि त्यांच्या सहकाऱ्याने 2008 साली रोमेन लेट्यूसवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. पानांवर मुद्दाम ई. कोलाय ओ157:एच7 सोडला आणि ऊबदार, दमट हवेत तो किती वाढतो ते मोजलं. आतल्या कोवळ्या पानांवर तो मधल्या पानांपेक्षा सुमारे दहापट वाढला. कारण सोपं आहे. कोवळ्या पानातून पाझरणाऱ्या रसात नायट्रोजन जास्त असतो. जे आपल्याला कोवळं आणि गोड लागतं, ते जिवाणूलाही लागतं.

याचा अर्थ कोवळी पानं खाऊ नका असा नाही. बाहेरच्या पानावर जिवाणू पोचण्याची शक्यता जास्त. पण आतल्या पानावर पोचलाच, तर तिथे त्याचं चांगलं फावतं. 'बाहेरचं घाण, आतलं स्वच्छ' अशी सरळ रेघ निसर्गात नाही. आणखी एक: पान चिरलं, चुरगळलं, की कापलेल्या कडेतून रस येतो आणि तिथे जिवाणू झपाट्याने वाढतात. म्हणून सॅलड जेवणाच्या आधी जितकं उशिरा चिराल तितकं चांगलं.

धुण्याबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. वाहत्या पाण्याखाली नीट धुतलं, तर पानावरचे नव्वद ते नव्व्याण्णव टक्के जिवाणू जातात. ऐकायला छान वाटतं. पण एका पानावर दहा लाख असतील, तर नव्व्याण्णव टक्के गेल्यावरही दहा हजार उरतात. पानावरचे बहुतेक जिवाणू निरुपद्रवी असतात, त्यामुळे एरवी हे पुरेसं आहे. ओ157:एच7 मात्र शंभराहून कमी संख्येनेही माणसाला आजारी पाडू शकतो. तो पानाच्या रंध्रात किंवा कापलेल्या कडेत शिरला, तर पाणी तिथे पोचतच नाही. मीठ, हळद, लिंबू, व्हिनेगर यांनीही पान निर्जंतुक होत नाही. साबण तर वापरूच नये. पानात तो मुरतो आणि पोटात जातो.

त्याला हमखास मारणारी गोष्ट एकच: उष्णता. साधारण 71 अंश सेल्सियसला तो मरतो. आपल्या आजीची पालेभाजी फोडणीत खमंग परतली जायची आणि डाळीबरोबर शिजायची. तिला सूक्ष्मजीवशास्त्र माहीत नव्हतं, पण कच्चा पाला ताटात वाढायची पद्धत आपल्याकडे फारशी रुजली नाही. कोशिंबीर केली तरी काकडीची, गाजराची, मुळ्याची, म्हणजे बहुतेक सोलता येणाऱ्या जिनसांची.

टाकलेल्या पानाबरोबर काय जातं

आता आजींची बाजू.

पानाचा हिरवेपणा उन्हातून येतो. ज्याला ऊन मिळालं त्या बाहेरच्या पानात बीटा-कॅरोटिन, ल्युटिन, फोलेट, के जीवनसत्त्व जास्त. ज्याला मिळालं नाही ते आतलं फिकट. याचा अंदाज दोन जातींच्या तुलनेतून येतो. अमेरिकी कृषिखात्याच्या तक्त्यात 100 ग्रॅम रोमेनमध्ये अ जीवनसत्त्व सुमारे 436 मायक्रोग्रॅम आहे, तर फिकट आइसबर्गमध्ये सुमारे 25. के जीवनसत्त्व रोमेनमध्ये सुमारे 100 मायक्रोग्रॅम, आइसबर्गमध्ये सुमारे 24. हिरवं तेवढं सोलून फेकायचं आणि पांढरं तेवढं खायचं, तर उरतं ते बहुतेक पाणी. लेट्यूसमध्ये तसंही 95 टक्के पाणीच असतं. (आमच्या वयाच्या मंडळींना एक सूचना: रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेत असाल, तर हिरव्या पानांचं प्रमाण एकदम वाढवू किंवा कमी करू नका, आधी डॉक्टरांशी बोला. के जीवनसत्त्वाचा त्या औषधाशी थेट संबंध आहे.)

दुसऱ्या बाजूने, बाहेरच्या पानात नायट्रेटही जास्त साठतं आणि फवारणीचा अंशही तिथेच जास्त असतो. युरोपीय संघाने लेट्यूसमधल्या नायट्रेटला मर्यादा घातली आहे, आणि घट्ट गड्ड्याच्या आइसबर्गसाठी ती इतर लेट्यूसपेक्षा कमी आहे. पण आठवड्यातून चार वेळा सॅलड खाणाऱ्या निरोगी माणसाने एवढ्यासाठी वरचं चांगलं पान फेकावं, असं मला वाटत नाही. धुतल्याने पृष्ठभागावरचा बराच अंश जातो.

पण आजींनी पिशवीत हात घातला तो जीवनसत्त्वासाठी नव्हे. ते मला कळतं, कारण माझी आई अगदी तसंच करायची.

1986 साली आई इथे आमच्याकडे सहा महिने राहायला आली. पहिल्याच आठवड्यात मी आइसबर्गचा गड्डा सोलून पानं कचऱ्यात टाकताना तिने पाहिलं. काही बोलली नाही. संध्याकाळी मी विद्यापीठातून आले तेव्हा लसणीची फोडणी, हरभऱ्याची डाळ आणि वर भुरभुरलेलं पीठ असलेली भाजी पानात वाढली. "कसली आहे गं?" मी विचारलं. "तू टाकलेली," ती म्हणाली.

त्या रात्री ती पहिल्यांदाच 1972 च्या दुष्काळाबद्दल सविस्तर बोलली. मी तेव्हा पुण्यात वसतिगृहात होते, मला फारशी झळ लागली नव्हती. तिने सांगितलं, रेशनवर तांबडी मिलो यायची. ती अमेरिकेतून येते एवढंच लोकांना माहीत होतं. मजुरीच्या कामावर सुकडी मिळायची. गावात हिरवं पान म्हणून दिसत नव्हतं. बाभळीचा पाला गुरांना, आणि माणसांना काही नाही. "आणि तुझ्या या अमेरिकेत हिरवं पान कचऱ्यात," ती म्हणाली. रागाने नाही, नुसतीच म्हणाली. मी माझी पुस्तकी बाजू मांडली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "शिजवल्यावर मरतात ना ते तुझे किडे?" मरतात, मी म्हटलं. "मग झालं की."

त्या "मग झालं की" वर मी नंतर अनेकदा विचार केला. या देशात अन्नपुरवठ्यापैकी 30 ते 40 टक्के अन्न वाया जातं, असा कृषिखात्याचाच अंदाज आहे. आपण सगळे त्यात आहोत. आणि टाकायचं की खायचं, एवढेच दोन मार्ग समोर ठेवले, तर भीतीपोटी आपण नेहमी टाकणार. आईने तिसरा मार्ग दाखवला: कच्चं खायचं नसेल तर शिजवा.

मग करायचं काय?

माझ्या घरात मी आज जे करते ते सांगते.

घट्ट गड्डा असेल, तर सगळ्यात बाहेरचं एक पान, फार तर दोन, बाजूला काढते. फाटलेलं, चिकट, काळपट झालेलं पान मात्र कितीही आत असलं तरी टाकते. तिथे सडणं सुरू झालेलं असतं. रोमेनचं आणि सुट्या पानांचं लेट्यूस असेल, तर देठ कापून सगळी पानं सुटी करते आणि एकेक पान वाहत्या गार पाण्याखाली, दोन्ही बाजूंनी, देठाच्या खोबणीत अंगठा फिरवून धुते. सिंकमध्ये पाणी साठवून पानं बुडवत नाही. एका पानावरचं सगळ्यांना लागतं आणि सिंकही काही फार स्वच्छ जागा नव्हे. आधी हात धुते. धुतलेली पानं स्वच्छ फडक्याने किंवा चाळणीच्या भांड्यात फिरवून कोरडी करते. ओली पानं लवकर सडतात.

पिशवीवर 'तीनदा धुतलेलं, खायला तयार' असं लिहिलं असेल, तर ते परत धुवत नाही. यावर अनेकांचा विश्वास बसत नाही. पण एफडीएचंही हेच म्हणणं आहे: आपल्या ओट्यावर, आपल्या चाळणीत ते पुन्हा धुताना त्याला घाण लागण्याची शक्यता जास्त. फ्रिज 4 अंश सेल्सियसच्या खाली ठेवते आणि तारीख उलटलेली पिशवी उघडत नाही. लिस्टेरिया नावाचा जिवाणू फ्रिजच्या थंडीतही हळूहळू वाढतो. गरोदर मुलींनी आणि आमच्यासारख्या वयस्कांनी हे लक्षात ठेवावं. कच्चं चिकन आणि सॅलड यांना एकच सुरी, एकच पाट नाही.

बाजूला काढलेली चांगली पानं धुऊन डब्यात ठेवते. दोन गड्ड्यांची साठली की त्यांची भाजी. चिरून लसूण-मिरचीच्या फोडणीत परतायची आणि बेसन पेरायचं. किंवा चाकवतासारखी ताकातली पातळ भाजी, शेंगदाणे आणि डाळ घालून. थालिपिठात तर कुणाला कळतही नाही. पान जरा कडू लागतं, पण मेथी आणि कारलं खाणाऱ्यांना त्याचं काय? चिनी स्वयंपाकात लेट्यूस सर्रास शिजवतात. तेलावर, लसूण घालून, मिनिटभर. आपणच ते नेहमी कच्चं खायचं असं ठरवून टाकलं आहे.

आणि घरात कुणाची प्रतिकारशक्ती कमी असेल, केमोथेरपी चालू असेल, अवयव बदललेला असेल, तर कच्च्या पानाचा निर्णय डॉक्टरांना विचारून घ्या, वरचं पान काढून नव्हे. 2018 नंतर आमच्याकडे साथीची बातमी असेल त्या महिन्यांत कच्चं लेट्यूस येत नाही. ह्यांनी सुरुवातीला कुरकुर केली. मग काकडी-टोमॅटोवर समाधान मानलं.

परसबागेतलं पान

आपल्यापैकी अनेकजण उन्हाळ्यात मागच्या अंगणात मेथी, अळू, कोथिंबीर आणि आता लेट्यूसही लावतात. तिथे बाहेरच्या पानांचा प्रश्न वेगळ्या कारणाने येतो. 1978 साली घरगुती रंगांत शिसं घालायला या देशात बंदी आली. त्याआधीच्या घरांच्या भिंतींचा जुना रंग झडून पायाजवळच्या मातीत मिसळलेला असू शकतो. शिसं असलेली धूळ आणि माती बाहेरच्या, खालच्या पानांवर बसते. ती धुऊन काही प्रमाणात जाते, पण शिजवून शिसं जात नाही. इथे आईचा नियम चालत नाही. जुन्या घराच्या भिंतीलगत पालेभाजी लावू नका, माती तपासून घ्या, शंका असेल तर वाफा उंच करून नवी माती घाला. अशा जागची बाहेरची पानं मात्र खुशाल फेका.

बाकी स्वतःच्या बागेतल्या लेट्यूसची बाहेरची पानं रोज थोडी थोडी खुडून घ्यायची असतात. गाभा राखला की रोप आतून नवी पानं देत राहतं. तिथे वरचं पान हे पहिलं खायचं पान आहे.

या वर्षीच्या गणपतीत सॅलडचं काम मी मागून घेतलं. नर्स मुलगी आणि आजी दोघींनाही बरोबर बसवलं. प्रत्येक गड्ड्याचं बाहेरचं एकेक पान आणि फाटकी पानं निघाली. बाकीची त्या मुलीने एकेक करून नळाखाली धुतली. तिच्याइतकं नीट धुणारं मी अजून कुणी पाहिलं नाही. काढलेल्यांतली चांगली पानं आजींनी धुऊन, चिरून, डाळ घालून शिजवली. भाजीचं पातेलं छोटंच होतं, पहिल्या पंगतीतच संपलं. मुलीने चमचाभर चाखली आणि विचारलं, "आजी, ही कसली?"

आजी माझ्याकडे बघून हसल्या. म्हणाल्या, "तू गेल्या वर्षी टाकलेली."